आर्केड कॅबिनेटचं कंट्रोल पॅनेल: आधी खेळांची यादी, मग ड्रिल

घरी आर्केड कॅबिनेट बांधायला घेतलेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो तो "जॉयस्टिक कोणती घेऊ?" हा. त्याच्याही आधी एक प्रश्न सुटायला हवा: या मशीनवर तुम्ही नक्की काय खेळणार आहात? स्क्रीन, कॉम्प्युटर, स्पीकर हे सगळं नंतर बदलता येतं. कंट्रोल पॅनेल, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणं बसवलेली ती तिरकी फळी, तिला मात्र एकदा भोकं पाडली की पाडली. शिवाय खेळताना हात पूर्ण वेळ तिच्यावरच असतात. म्हणून अख्ख्या कॅबिनेटमध्ये सगळ्यात जास्त विचार या फळीचा करावा, असं मला मनापासून वाटतं.

जुन्या मशीनवाल्यांपुढे ही अडचण नव्हती. एका मशीनवर एकच खेळ असायचा आणि फळी त्या खेळाच्या अंगाने बेतलेली असायची. १९७९ च्या 'ॲस्टरॉइड्स'वर जॉयस्टिक नव्हतीच. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, इंजिन, गोळी आणि हायपरस्पेस अशी नुसती पाच बटणं होती. १९८० च्या 'पॅक-मॅन'वर उलटा प्रकार: चार दिशांची एक जॉयस्टिक, आणि खेळ सुरू झाल्यावर दाबायला एकही बटण नाही. त्याच वर्षीच्या 'मिसाइल कमांड'ला तळहाताने फिरवायचा गोळा, म्हणजे ट्रॅकबॉल होता आणि तीन तळांसाठी तीन बटणं होती. 'टेम्पेस्ट'ला गरगर फिरणारी चकती, म्हणजे स्पिनर. 'डिफेंडर'ला फक्त वर-खाली जाणारी जॉयस्टिक आणि पाच बटणं. १९८२ च्या 'रोबोट्रॉन : २०८४'ला दोन जॉयस्टिक, एक चालायला आणि दुसरी ज्या दिशेला गोळी झाडायची त्या दिशेला ढकलायला. गोळीचं वेगळं बटण नाहीच.

१९८५ मध्ये जपानमध्ये 'जामा' नावाचं प्रमाण ठरलं. ५६ पिनांचा एक जोड, आणि त्यात प्रत्येक खेळाडूला एक जॉयस्टिक आणि तीन बटणं. खोकं तेच ठेवून आतला बोर्ड बदलला की नवा खेळ तयार. त्यामुळे फळ्या हळूहळू एकसारख्या होत गेल्या. १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर २' आला तो सहा बटणं घेऊन. जामाच्या जोडात एवढी जागा नव्हती, म्हणून लाथांच्या तीन बटणांसाठी वेगळी वायर ओढावी लागायची.

आता आपण घरी कॅबिनेट करतो ते 'मेम'सारख्या एम्युलेटरवर. म्हणजे जुन्या मशीनचा बोर्ड सॉफ्टवेअरमध्ये उभा करणारा प्रोग्रॅम. १९९७ पासून तो वाढत वाढत आता हजारो खेळ चालवतो, आणि खरी पंचाईत तिथूनच सुरू होते. एका फळीवर हजारो खेळ खेळायचे म्हटलं की माणूस एकेक गोष्ट वाढवत जातो. आठ दिशांच्या दोन जॉयस्टिक, त्यांच्या मधोमध पॅक-मॅनसाठी चार दिशांची आणखी एक, खाली ट्रॅकबॉल, वर स्पिनर, प्रत्येकी आठ बटणं, शिवाय चार जण खेळतील म्हणून आणखी दोन संच. या छंदातली माणसं अशा फळीला 'फ्रँकनपॅनेल' म्हणतात. तिच्यावर सगळं असतं, पण कोणताही खेळ नीट खेळता येत नाही. मनगट टेकायला जागा नसते, ट्रॅकबॉल जोरात फिरवला की बोटं जॉयस्टिकवर आदळतात, आणि घरी आलेल्या पाहुण्याला कोणतं बटण कशाचं हे विचारल्याशिवाय कळत नाही.

त्यामुळे कागद घ्या आणि तुम्ही खरोखर पुन्हा पुन्हा खेळाल असे पंधरा-वीस खेळ लिहा. आवडतात म्हणून नाही, खेळणार म्हणून. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: दिशा चार की आठ, बटणं किती, आणि एका वेळी किती जण.

नव्वदच्या दशकात गेम पार्लरमध्ये वाढलेल्या आपल्याकडच्या माणसाची यादी साधारण कशी होईल, ते करून बघू. पहिलं नाव ठरलेलं: कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. या लांबलचक नावाने तो कोणी मागितला नाही; त्यातल्या एका पात्रावरून सगळे त्याला 'मुस्तफा'च म्हणायचे. आठ दिशा, मारायला एक आणि उडीला एक अशी दोन बटणं, एका वेळी तिघे. 'मेटल स्लग' : आठ दिशा, गोळी-उडी-बॉम्ब अशी तीन बटणं, दोघे. 'किंग ऑफ फायटर्स ९७' : आठ दिशा, चार बटणं, दोघे. 'स्ट्रीट फायटर २' : आठ दिशा, सहा बटणं, दोघे. आता यादीच्या तळाशी बघा. दोन खेळाडू, प्रत्येकाला आठ दिशांची एक जॉयस्टिक आणि सहा बटणं. एवढ्यात पार्लरचं अख्खं विश्व बसतं. मुस्तफाच्या तिसऱ्या खेळाडूसाठी फळी रुंद करायची का? माझ्या मते नाही. पॅनेलच्या पुढच्या बाजूला एक यूएसबी सॉकेट काढून ठेवा. तिसरा भिडू आला की साधा गेमपॅड जोडायचा.

यादीत 'पॅक-मॅन', 'डाँकी काँग' असे ऐंशीच्या दशकातले चार दिशांचे खेळ बरेच निघाले, तर मात्र जॉयस्टिकचा विचार नीट करावा लागतो. तो करण्यासाठी जॉयस्टिक खालून उघडून बघायला हवी.

आत चार मायक्रोस्विच असतात: वर, खाली, डावा, उजवा. दांडा ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूचा स्विच खटकन दाबला जातो. तिरकस दिशेसाठी वेगळा स्विच नसतो. वर आणि उजवा दोन्ही एकदम दाबले गेले की त्याचा अर्थ वर-उजवीकडे. स्विचांच्या खाली एक प्लास्टिकची पट्टी असते, तिला गेट म्हणतात. दांड्याचं खालचं टोक तिच्या भोकात फिरतं, आणि त्या भोकाच्या आकारावरून दांडा कुठवर जाणार हे ठरतं. भोक चौकोनी असेल तर त्याचे चार कोपरे म्हणजे चार तिरकस दिशा. अष्टकोनी असेल तर आठही दिशांना एकेक खाच लागते. नवख्याला अष्टकोनी सोपं वाटतं. फायटिंगचे खेळ मन लावून खेळणारे बरेच जण चौकोनी पसंत करतात, कारण कोपऱ्यात दांडा टेकला की तिरकस दिशा लागली याची हाताला खात्री असते.

आता पॅक-मॅन. तुम्ही उजवीकडे चालला आहात आणि पुढच्या बोळात वर वळायचं आहे. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर दांडा उजवीकडून वर नेताना मध्ये एक क्षण असा येतो की दोन्ही स्विच दाबलेले असतात. मूळ खेळाला तिरकस दिशा ठाऊकच नाही. सॉफ्टवेअर दोघांतला एक निवडतं, आणि तो तुमच्या मनातला असेलच असं नाही. बोळ मागे पडतो, भूत गाठतं. 'डाँकी काँग'मध्ये शिडीपाशी नेमकं हेच होतं. आपला हात चुकला असं खेळणाऱ्याला वाटतं, पण दोष गेटचा असतो. चार दिशांच्या गेटला तिरकस कोपरेच नसतात, त्यामुळे एका वेळी एकच स्विच लागतो.

यावर उपाय तीन. काही जॉयस्टिकची गेट पट्टी काढून वेगळ्या कोनात बसवता येते. काम पाच मिनिटांचं, पण प्रत्येक वेळी पॅनेल उघडावं लागतं. काही जॉयस्टिकचा दांडा वर ओढून फिरवला की वरूनच चाराची आठ आणि आठाची चार होते. तिसरा उपाय म्हणजे मधोमध चार दिशांची वेगळी जॉयस्टिक. चार दिशांचे खेळ तुमच्या यादीत पाचाहून जास्त असतील तरच या तिसऱ्या वाटेला जा. आणि 'क्यूबर्ट' खेळायचा असेल तर लक्षात ठेवा, त्याच्या मूळ मशीनवर चार दिशांची जॉयस्टिक ४५ अंशांत वळवून बसवलेली होती. सरळ बसवलेल्या दांड्यावर तो खेळ डोक्याला ताप होतो.

दांड्याची मूठ हा आवडीचा भाग आहे. जपानी पद्धतीची मूठ म्हणजे ३५ मिलिमीटरचा गोळा, हलकी स्प्रिंग, बोटांनी आणि मनगटाने चालवायची. सान्वा कंपनीची जेएलएफ ही त्यातली सगळ्यात परिचित. अमेरिकी पद्धतीची मूठ लांबट, स्प्रिंग कडक, ती पंजात धरून ढकलायची. फायटिंग खेळांसाठी मला हलकी आवडते. घरात लहान मुलं दांड्याला लोंबकळणार असतील तर कडकच घ्या.

मॉडेल ठरवण्याआधी फळीची जाडी मात्र बघाच. जपानी जॉयस्टिक पातळ पत्र्याच्या पॅनेलसाठी बनलेली असते. १८ मिलिमीटर प्लायला ती खालून तशीच स्क्रूने ठोकली तर दांडा वर जेमतेम डोकावतो आणि हातात येत नाही. अशा वेळी खालच्या बाजूने राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या मशीनने, खळगा करून तिथे लाकूड काही मिलिमीटरच शिल्लक ठेवायचं आणि जॉयस्टिक त्या खळग्यात बसवायची. सुताराला हे आधीच सांगा. पॅनेल जोडून झाल्यावर खळगा करणं फार जिकिरीचं असतं.

बटणांचंही तसंच. जपानी बटणांना ३० मिलिमीटरचं भोक लागतं, स्टार्टसारख्या छोट्या बटणांना २४ चं. त्यांतली कट्कन बसणारी जात दोन-चार मिलिमीटर जाडीसाठीच असते. जाड लाकडात तिच्या खाचा अडकतच नाहीत. लाकडासाठी खालून नट आवळायची आणि लांब आट्यांची बटणं घ्यावीत. अमेरिकी बटणांना साधारण २८.६ मिलिमीटरचं, म्हणजे सव्वा इंचाहून एक अष्टमांश इंच कमी असं भोक लागतं. हा दीड मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण २८.६ च्या भोकात ३० चं बटण जाणार नाही, आणि ३० च्या भोकात छोटं बटण सैल बसेल. त्यामुळे बटणं हातात आल्यावरच होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, विकत घ्या.

सहा बटणांचा उगम मजेशीर आहे. १९८७ च्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'च्या एका मशीनवर ठोसा आणि लाथ यांसाठी दोन मोठ्या रबरी गाद्या होत्या. जितक्या जोरात हाणाल तितका ठोसा भारी. ही कल्पना टिकली नाही, आणि हलका-मध्यम-भारी अशी तीन बटणं ठोशांना व तीन लाथांना, ही मांडणी रूढ झाली. वरच्या ओळीत ठोसे, खालच्या ओळीत लाथा. आजही सहा बटणांच्या पॅनेलचा पाया हाच आहे.

ही सहा बटणं दोन सरळ ओळींत मांडायचा मोह आवरा. उजवा हात टेबलावर सैल ठेवून बोटांची टोकं बघा. तर्जनी मागे, मधलं बोट सगळ्यात पुढे, अनामिका पुन्हा किंचित मागे. बटणांची ओळ या कमानीवर बसली तर मनगट न वाकवता तिन्ही बोटं आपापल्या बटणावर पडतात. जपानी कॅबिनेटच्या मांडण्यांत पहिलं बटण दुसऱ्या-तिसऱ्यापेक्षा खाली असतं ते याचसाठी. सेगाची ॲस्ट्रो सिटी आणि टायटोची व्ह्यूलिक्स या दोन मांडण्यांचे नकाशे सहज मिळतात, त्यातली एक घेतली तर तुम्ही चुकणार नाही. ३० मिलिमीटरच्या बटणांत केंद्रापासून केंद्रापर्यंत ३६ मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवा. त्याहून जवळ आणली तर खालचे नट आणि रिंग एकमेकांना भिडतात.

सहा बटणांवर बाकीचे खेळ कसे बसतात? 'किंग ऑफ फायटर्स'ची चार बटणं ए, बी, सी, डी, म्हणजे हलका ठोसा, हलकी लाथ, भारी ठोसा, भारी लाथ. ए आणि सी वरच्या ओळीत, बी आणि डी त्यांच्या खाली लावली की 'स्ट्रीट फायटर'ची सवय असलेल्या बोटांना ती लगेच सापडतात. 'मॉर्टल काँबॅट'च्या मूळ मशीनवर पाच बटणं फुलीच्या आकारात होती, मधोमध बचावाचं. तिथे ठोसे डाव्या स्तंभात वर-खाली, लाथा उजव्या स्तंभात वर-खाली आणि बचाव वरच्या मधल्या बटणावर घ्या. मधलं बोट तिथे आपोआप जातं. सातवं-आठवं बटण कन्सोलवरच्या नव्या फायटिंग खेळांसाठी कामाचं आहे. फक्त मेम चालवणाऱ्याने त्यापायी जागा घालवू नये.

आता माणसांची मापं. उभ्याने खेळायचं असेल तर कोपर काटकोनात वाकवल्यावर तळवा जिथे येतो त्याच्या थोडं खाली पॅनेल हवं. मोठ्या माणसांसाठी हे जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटर भरतं. पुढच्या कडेपासून जॉयस्टिकपर्यंत आठ-दहा सेंटिमीटर मोकळे ठेवा. तळहाताची टाच तिथे टेकते. ही जागा कमी पडली की अर्ध्या तासात मनगटं भरून येतात. दोघांसाठी रुंदी ७० सेंटिमीटरच्या आसपास असावी. ६० मध्ये जमतं, पण खांद्याला खांदा घासतो. पहिल्या खेळाडूचा उजवा हात आणि दुसऱ्याचा डावा हात मधोमध शेजारी येतात, म्हणून पहिल्याच्या शेवटच्या बटणापासून दुसऱ्याच्या जॉयस्टिकपर्यंत निदान एक वीत सोडा. रुंदी ठरवताना घराचा दरवाजा आणि इमारतीची लिफ्टही मोजून घ्या. पॅनेल दारातून जात नसेल तर ते सुटं काढता येईल असं करावं लागेल.

चार खेळाडूंचं पॅनेल करणारे कडेच्या दोन खेळाडूंचे संच आतल्या बाजूला वळवून बसवतात. दिसायला छान दिसतं. पण जॉयस्टिकचं 'वर' आणि स्क्रीनचं 'वर' वेगवेगळ्या दिशांना गेलं की प्रत्येक उडी वाकडी जाते. बटणं वळवायची तर वळवा, जॉयस्टिक मात्र नेहमी स्क्रीनशी काटकोनात ठेवा.

एवढं ठरलं की लगेच लाकडाला हात लावू नका. मांडणी कॉम्प्युटरवर खऱ्या मापात काढा, ए-फोर कागदांवर छापा आणि चिकटवून एक मोठा नकाशा करा. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा, आणि छापून झाल्यावर एखादं दहा सेंटिमीटरचं माप पट्टीने तपासा. प्रिंटरने सगळं तीन-चार टक्के आकसवलं असेल तर तिथेच कळेल. मग तो नकाशा फ्रिजच्या जाड पुठ्ठ्यावर डकवा, कटरने भोकं पाडा आणि खरी बटणं, खरी जॉयस्टिक त्यात बसवा. मागे दोन बटणांच्या वायरी जोडून काही दिवस खेळा. घरातल्या उंच माणसाला आणि मुलालाही खेळू द्या. कुठलं बटण चुकून दाबलं जातं, कुठे अंगठा अडतो, हे पुठ्ठा सांगतो, आणि पुठ्ठा बदलायला पैसे पडत नाहीत. सगळ्या आखणीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी, आणि घाईत सगळ्यात आधी वगळली जाते तीही हीच.

खेळाशिवायची बटणंही आताच ठरवा. प्रत्येकाला एक स्टार्ट आणि एक कॉइन, म्हणजे नाणं टाकल्याची खूण देणारं बटण, लागतंच. ही चार बटणं वरच्या कडेला, हात जाणार नाही अशा ठिकाणी ठेवा. खेळातून बाहेर पडायचं बटण मात्र वर अजिबात नको. शेवटच्या बॉसशी लढताना कोणाचा तळहात त्यावर पडला की सगळं गेलं. ते पॅनेलच्या खालच्या बाजूला लपवा. किंवा बटणांच्या वायरी ज्या बोर्डाला जोडतात तशा काही बोर्डांत शिफ्टची सोय असते, स्टार्ट दाबून धरून दुसरं काही दाबलं की वेगळा अर्थ होतो, ती वापरा.

ट्रॅकबॉल आणि स्पिनरबद्दल थोडक्यात. 'मिसाइल कमांड', 'सेंटिपीड', 'अर्कानॉइड' यांवर तुमचा खरोखर जीव असेल तरच घ्या. ट्रॅकबॉल दोन मापांत मिळतो, सव्वादोन इंच आणि तीन इंच. त्याच्या चहूबाजूंनी तळहात झोकात जाईल एवढी मोकळी जागा हवी, आणि पॅनेलखालच्या खोक्यात त्याच्या बॉडीची खोली मावायला हवी. काही जण दोन सुटी पॅनेल करतात, एक जॉयस्टिकचं आणि एक ट्रॅकबॉलचं, आणि हवं ते बसवतात. जागा असेल तर हा मार्ग फार चांगला आहे.

लाकडात बहुतेकांची पसंती १८ मिलिमीटर एमडीएफ किंवा प्लाय. एमडीएफला भोकं सुरेख पडतात, कड गुळगुळीत येते. पण मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात उघड्या कडांतून ओल शिरली की ते फुगतं आणि स्क्रू सुटायला लागतात. तिकडे आयएस ३०३ या भारतीय मानकाचा पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूआर प्लाय किंवा आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्यावा. भोक पाडताना खाली टाकाऊ फळी ठेवा. होल सॉ अर्ध्यावर आणून मग फळी उलटी करून दुसऱ्या बाजूने भोक पुरं केलं की सनमायकाचे आणि प्लायचे टवके उडत नाहीत. आधी एका तुकड्यावर भोक पाडून बटण बसवून बघाच.

दुसरा मार्ग पत्र्याचा. दोन मिलिमीटर पत्रा एमआयडीसीतल्या लेझर कटिंगवाल्याकडून कापून घेता येतो. त्याला डीएक्सएफ, म्हणजे मापातल्या रेखाचित्राची, फाइल दिली की भोकं तंतोतंत येतात. कट्कन बसणारी बटणं आणि जपानी जॉयस्टिक घ्यायच्या असतील तर मी पत्राच सुचवीन, खळग्याची भानगडच राहत नाही. वर चित्र लावायचं असेल तर चित्र आणि त्यावर पारदर्शक पॉलिकार्बोनेटची शीट. ॲक्रिलिक स्वस्त पडतं, पण ड्रिल करताना त्याला भोकापासून तडा जातो.

आता वायरिंग. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, इथे वीज नावापुरती, पाच व्होल्ट किंवा त्याहून कमी असते. प्रत्येक मायक्रोस्विचला तीन पाय: कॉम (सामाईक), एनओ (दाबल्यावर जोडला जाणारा) आणि एनसी (दाबल्यावर सुटणारा). कॉमला ग्राउंड, म्हणजे सगळ्या बटणांची सामाईक वायर, जोडायचा आणि एनओला बोर्डाकडे जाणारी वायर. चुकून एनसीला जोडली तर बटण कायम दाबलेलं दिसतं आणि दाबलं की सुटल्यासारखं वागतं. असं वागणारं बटण दिसलं की दुसरीकडे कुठे शोधू नका. दोन पायांच्या जपानी बटणांत हा प्रश्नच येत नाही.

ग्राउंडची वायर एका बटणावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी साखळीने नेतात. जुन्या दिवाळीच्या माळेत एक जोड सुटला की सगळे दिवे जायचे, तशी इथे सुटल्या जोडापुढची सगळी बटणं जाऊ शकतात. म्हणून साखळीचं शेवटचं टोकही परत बोर्डाच्या ग्राउंडला आणून जोडा. मग मध्ये एक जोड सुटला तरी दुसऱ्या बाजूने ग्राउंड पोचतो. डाग देण्यापेक्षा क्रिम्प केलेले लग, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या पत्र्याच्या टोप्या, वापरा, बटण बदलणं सोपं जातं. मोठ्या मायक्रोस्विचना ४.८ मिलिमीटरचे आणि जपानी बटणांना २.८ मिलिमीटरचे लागतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ते डझनाने मिळतात. दिव्याची बटणं घेतली असतील तर एलईडी पाच व्होल्टचा की बारा, ते बघून जोडा. बाराचा पाचावर पेटत नाही, पाचाचा बारावर जळतो.

या सगळ्या वायरी ज्या बोर्डाला जातात त्याला एन्कोडर म्हणतात. बटण दाबलं गेलं हे तो कॉम्प्युटरला कळवतो. जुना कीबोर्ड फोडून त्याचा बोर्ड वापरायची युक्ती बऱ्याच जणांना सुचते, आणि ती का टाळावी हे समजून घेण्यासारखं आहे. साध्या कीबोर्डात शंभरेक कळांना शंभर वायरी नसतात. आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते, आणि कळ दाबली की एक आडवी व एक उभी तार जोडली जाते. जाळीत चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले, तर वीज त्या तिघांतून फिरून चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोचते आणि न दाबलेलं चौथं बटणही दाबलेलं दिसतं. याला घोस्टिंग म्हणतात. ते टाळायला काही कीबोर्ड तिसरी कळ नोंदवतच नाहीत. पत्र टाइप करताना हे कधी जाणवत नाही. दोन जण एकाच वेळी तिरकस दांडा ढकलून दोन-दोन बटणं दाबतात तेव्हा मात्र एकाचा ठोसा गायब होतो आणि दुसऱ्याला न मारलेली लाथ बसते. आर्केडसाठीच्या एन्कोडरमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःची जागा असते, त्यामुळे सगळी एकदम दाबली तरी गोंधळ होत नाही.

तुमच्या जागा मोजा. दोन जॉयस्टिकच्या आठ, दोघांची मिळून बारा बटणं, दोन स्टार्ट, दोन कॉइन: २४. बाहेर पडणं आणि थांबवणं धरून २६. आय-पॅक २ या बोर्डावर ३२ जागा आहेत, म्हणजे काम भागतं. 'झिरो डिले' नावाने मिळणारे स्वस्त बोर्ड एकेका खेळाडूसाठी असतात आणि गेमपॅड म्हणून ओळखले जातात. ते चालतात, पण दोन सारखे बोर्ड लावले की कॉम्प्युटर सुरू होताना कधी पहिल्याला दुसरा आणि दुसऱ्याला पहिला समजतो. कीबोर्डसारखा वागणारा एकच बोर्ड घेतला तर ही अदलाबदल होत नाही. त्याची मात्र वेगळी खबरदारी: मेममध्ये पहिल्या खेळाडूचं चौथं बटण मुळात डावी शिफ्ट कळ असते, आणि विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज'ची खिडकी ऐन लढाईत समोर उभी राहते. सेटिंगमध्ये जाऊन ती पहिल्याच दिवशी बंद करा. नोकरीपेशातल्या माणसाला परवडेल आणि हाताने करायची हौसही भागेल असा पर्याय हवा असेल, तर रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर जीपी२०४०-सीई हे मुक्त सॉफ्टवेअर टाकून एका खेळाडूचा उत्तम एन्कोडर होतो.

पॅनेल बिजागरीवर बसवा, म्हणजे वर उचललं की खालचं सगळं दिसेल. आतल्या बाजूला प्रत्येक बटणाशेजारी मार्करने 'प१-ब३' अशी खूण करा आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला तीच चिठ्ठी लावा. पहिल्यांदा जोडून झालं की थेट खेळ सुरू करू नका. मेममध्ये एखादा कॅपकॉमचा खेळ लावून एफ-टू दाबा. मूळ मशीनच्या तंत्रज्ञांसाठी असलेला तपासणीचा मेनू उघडतो. त्यातल्या इनपुटच्या पानावर एकेक बटण दाबून बघा, मग जॉयस्टिक सावकाश गोल फिरवून आठही दिशा ओळीने उमटतात का ते बघा, आणि शेवटी दोघांनी मिळून जमतील तेवढी बटणं एकदम दाबून धरा. सगळी उमटली की नट एकदा पुन्हा आवळा, वायरी टायने बांधा आणि पॅनेल खाली घ्या.